एका शिवीपायी

किप्सेली, अथेन्स
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

नऊ महिने झाले, माझं पत्र नाही की फोन नाही. तुझे दोन्ही मेसेज वाचले आणि ‘उद्या निवांत लिहू’ म्हणत तसेच ठेवले. माफ कर. तब्येत बरी आहे, गुडघा अधूनमधून बोलतो, बाकी काही नाही. आज मात्र लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. जे झालंय ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढ्याशा शब्दावरून?

सध्या एका अमेरिकन मालिकेची ग्रीक सबटायटल्स करतोय. इथं लहान मुलांचं सोडलं तर परदेशी मालिका सहसा डब करत नाहीत, लोक खालची अक्षरं वाचतात. जागा दोन ओळींची, ओळीला चाळीसच्या आसपास अक्षरं. त्यात सगळं बसवायचं. तर प्रसंग असा. दोन लहानपणचे मित्र पैशांवरून भांडलेत. शेवटी एक जण गाडीच्या टपावर कॉफीचे दोन कप ठेवतो आणि म्हणतो, “वी गुड, ब्रो?” दुसरा काही बोलत नाही, फक्त कप उचलतो.

‘वी गुड’ सोपं आहे रे, ‘इमास्ते एन्दाक्सी’. जीव अडकला तो ‘ब्रो’त. ‘अदेर्फे’ म्हणजे भावा, तरणी पोरं म्हणतात, पण ते पाठीवर थाप मारून म्हणायचं. भांडण मिटवायला गेलेल्या माणसाच्या तोंडी मला ते ऐकू येईना. मी लिहिलं, “इमास्ते एन्दाक्सी, रे मलाका?”

हो, ‘रे’! आपल्याशी त्याचं नातं नाही. ‘मोरोस’ म्हणजे मूर्ख, त्याला हाक मारायची तर ‘मोरे’, ते झिजून ‘रे’ झालं. पण वापर बघशील तर थेट आपला. फरक एवढाच की इथं बाईलाही ‘रे’च म्हणतात. तुझी वहिनी भाजीवालीला ‘एला रे’ म्हणाली तेव्हा पहिल्यांदा मी मागं वळून बघितलं होतं, कोण आलं म्हणून. आणि मलाका म्हणजे अस्सल शिवी, तिचा अर्थ फोनवर सांगीन. अनोळखी माणसाला म्हणालास तर मार खाशील. जिवलगाला न म्हणालास तर तो विचारेल, काय चुकलं माझं?

कंपनीच्या तपासनिसांनी ते खोडलं. मूळ इंग्रजीत शिवी नाही, तुम्ही कुठून आणलीत? त्यांनी घातलं ‘फीले’. म्हणजे मित्रा. बंड्या, फीले मी कोपऱ्यावरच्या पेरिप्तेरोवाल्याला, म्हणजे टपरीवाल्याला म्हणतो, सुटे मागताना! शब्दाचा अर्थ मित्र असेल, पण त्या दोघांची तीस वर्षं त्यात कुठं आहेत?

तुला आठवत असेल. अप्पांच्या स्कूटरवरून आपलं वाजलं आणि तू चावी चिठ्ठीत गुंडाळून पाठवलीस: “आपली चावी परत करत आहे.” आपली! तू शिव्या दिल्या असत्यास तर मी दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिलो असतो. त्या ‘आपली’नं माझ्या पोटात गोळा आला, आणि पुढचे सात महिने तो तसाच होता. मग रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी तू मागून म्हणालास, “काय गाढवा, सुटलायस की!” मी कागदाचा पुडा हातात धरून नुसता उभा होतो, चिंचेचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. तो ‘गाढवा’ मला ग्रीकमध्ये लिहायचाय, दुसरं काही नाही.

बाकी भाग झरझर झाला. ‘चिल’ला ‘आराक्से’, म्हणजे नांगर टाक. दर्यावर्दी माणसं ही. बिल न देता सटकणाऱ्याला ‘लुईस झाला’ म्हणतात. १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिदोन लुईस मारुसीचा, पाणी वाहून नेणारा गडी. तेव्हापासून इथं जो पळाला तो लुईस. आणि ‘कुणाला पडलीय’ याला काय म्हणावं? ‘घोडी खळ्यात हगली’! तुझ्या आजोबांचं खळं आठवून मी एकटाच हसत बसलो. ‘व्हॉट्स अप’लासुद्धा ‘ती लेई’, शब्दशः ‘काय म्हणतंय’. इतकं जवळ येऊन ही भाषा त्या एका ‘ब्रो’पाशी हातातून सुटली, म्हणून जास्त लागलं.

तुझी वहिनी म्हणाली, शिवी काढ, पण ‘रे’ सोडू नकोस. “इमास्ते एन्दाक्सी, रे;” असं काल पाठवलंय. (ग्रीकमध्ये प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखं असतं, चूक समजू नकोस.) उद्या कळेल. हेही खोडलं तर भांडणार आहे, काम गेलं तरी.

तुझ्या धाकटीच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींची बदली टळली का? आईंना नमस्कार, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल तर कळव. डिसेंबरात यायचा विचार आहे, तिकिटं बघतोय.

लिही लवकर.

तुझा,
बाळू

ता. क. स्कूटरचा आरसा मी फोडला नव्हता. अजूनही सांगतो.