स्पीच थेरपिस्टची तारीख दीड महिन्यानंतरची

संपादक साहेब, नमस्कार.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, नागपूर-गडचिरोली लाइनवर, दिवसभर बोलणं हेच त्यांचं काम. मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला, उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. हात-पाय फिजिओथेरपीने बऱ्यापैकी आले, पण पाणी हवं असलं की तोंडून "पंखा" निघायचं, आणि आपण चुकीचं बोललो हे त्यांना लगेच कळायचं, मग रडायचे. डॉक्टर म्हणाले याला अफेजिया म्हणतात, मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की बऱ्याच पेशंटना होतो, बाबांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही, स्पीच थेरपी लावा.

लावा म्हटलं, पण कुठे? ज्या सरकारी दवाखान्यात आम्ही जात होतो तिथे स्पीच थेरपिस्ट एकच, त्याच मॅडम कानाची तपासणीही करायच्या, त्याच लहान मुलांनाही बघायच्या, आणि आम्हाला तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. मॅडमची काही चूक नाही, त्यांना जेवायलाही वेळ नसायचा. पण ही थेरपी म्हणजे गोळी नाही ना, की चिठ्ठी लिहून दिली आणि झालं! आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने बसावं लागतं, आणि पहिले काही महिने सगळ्यात महत्त्वाचे असतात, तेच आमचे तारखेची वाट बघण्यात गेले. प्रायव्हेटमध्ये दर सेशनचे पैसे पेन्शनमधून किती दिवस देणार.

दवाखान्यातल्या बाकावर आरमोरीकडची एक ताई भेटली, साडेचार वर्षांचं लेकरू घेऊन. त्याला कानाचं मशीन मिळालं होतं, पण नुसतं मशीन लावून मूल बोलत नाही, आवाज आणि शब्द यांची जोडी त्याला शिकवावी लागते, आणि तेही लहान वयातच. ती पहाटेची बस पकडून यायची, मजुरी बुडवून, अर्ध्या तासासाठी. तिसऱ्यांदा आली तेव्हा मॅडम सुट्टीवर होत्या, त्यानंतर ती मला दिसलीच नाही.

कागदावर सगळं आहे हो. 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात शाळा-अंगणवाडीत तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी म्हणजे लहान मुलांवर वेळेत उपचार करणारं केंद्र, त्याच्या टीममध्ये स्पीच थेरपिस्टही धरलेला आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व 21 प्रकारांमध्ये आहे. पण ही पदं बहुतेक कंत्राटी, आणि चार वर्षांचा बीएएसएलपी, म्हणजे वाचा-श्रवण उपचाराचा डिग्री कोर्स इंटर्नशिपसकट करून, आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन घेऊन पोरं-पोरी अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर किती दिवस थांबतील? आणि मोठ्या माणसांचं काय, ती केंद्रं तर मुलांसाठी आहेत. लकव्याच्या बऱ्याच पेशंटना गिळायलाही त्रास होतो, घास श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, तेही बघणारा हाच स्पीच थेरपिस्ट असतो.

माझं मागणं एवढंच की नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांसारख्या ठिकाणी, जिथे अख्ख्या विदर्भातून पेशंट येतात, तिथे लकव्याच्या वॉर्डासाठी वेगळा स्पीच थेरपिस्ट द्या, कानाच्या विभागातलाच इकडे-तिकडे पळवू नका. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात पदं कायम करा. ई-संजीवनीवर लोक घरबसल्या डॉक्टरांशी बोलतात, तसंच दोन भेटींच्या मधलं सेशन फोनवर का होऊ नये, घरच्यांना शिकवून दिलं तर रोजचा सराव आम्हीच घेऊ.

हे मी उगाच सांगत नाही. मॅडमनी दुसऱ्याच भेटीत विचारलं, बाबांना कोणती गोष्ट तोंडपाठ आहे? मी म्हटलं, स्टॉप. मग त्यांनी मला सुरुवात करायला सांगितलं, "उमरेड", आणि बाबा अडखळत पुढे म्हणाले भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी. सहा महिन्यांत पहिल्यांदा इतके शब्द सलग आले. आता रोज संध्याकाळी आम्ही तीच लाइन म्हणतो, आणि मधेमधे ते स्वतःहून "पाणी" म्हणतात.

डिसेंबरमध्ये अधिवेशन नागपुरातच भरतं. आपल्या आमदारांपैकी कोणीतरी उठून विचारावं, स्पीच थेरपिस्टची मंजूर पदं किती, भरलेली किती आणि रिकामी कुठे कुठे. उत्तर आलं की कृपया आपल्या पेपरात जिल्ह्यानुसार छापा.

एक वाचक, मानेवाडा, नागपूर