चळवळ ना, ताई?

प्रिय लेखनिक,

सप्रेम नमस्कार.

तुझं नाव पत्रात घालायचं नाही असं तू बजावून सांगितलंस, म्हणून 'लेखनिक' म्हणते. परीक्षेच्या फॉर्मवरही तुझ्यासाठी तोच शब्द होता: मी उत्तर तोंडी सांगायचं आणि तू ते उतरवून घ्यायचं. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, तेही मुद्दाम. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि त्याच्या कॉलेजांत दरवर्षी जी नवी पोरं-पोरी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवतात, त्यांच्या कानावर तुझी गोष्ट जावी असं मला फार वाटतं.

त्या दिवशीचा पेपर तुला आठवत असेलच. एम.ए.चं दुसरं सत्र, इतिहास. आपल्या दोघींना वेगळी खोली दिली होती. पंखा कुरकुरत होता. प्रश्न सत्यशोधक समाजावर होता, म्हणजे माझा आवडता. मी सांगत होते, तू लिहीत होतीस. 'सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७५ रोजी पुण्यात झाली,' असं मी म्हणाले आणि तुझं पेन थांबलं. मला जन्मापासून दिसत नाही, पण कागदावर पेन कसं चालतं ते मला ऐकून कळतं. भराभर लिहिणारं, कंटाळलेलं, अडखळणारं, सगळे आवाज मला ओळखीचे आहेत. तो आवाज बंद झाला. खोलीत नुसता पंखा. मग पेन पुन्हा चालायला लागलं.

तुला खरं वर्ष माहीत होतं. तूच तर मला ती तारीख पाठ करून दिली होतीस. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, पहिल्यांदा ३७ विद्यापीठांत. म्हणून २४ सप्टेंबर हा तुम्हा एनएसएसवाल्यांचा दिवस. आणि जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला तो २४ सप्टेंबर १८७३ ला. 'ताई, तारीख तीच, मध्ये फक्त ९६ वर्षं,' असं तू केवढ्या आनंदाने सांगितलं होतंस. परीक्षेत मात्र घाईघाईत माझ्या तोंडून आर्य समाजाचं वर्ष निघालं. तू ते लिहिलंस. शेवटी सगळं उत्तर वाचून दाखवलंस तेव्हाही १८७५ वर तुझा आवाज जराही हलला नाही. मला तिथे काही जाणवू दिलं नाहीस, आणि मलाही चूक सापडली नाही.

बाहेर पायरीवर बसल्यावर माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी विचारलं, "तू कोणतं वर्ष लिहिलंस?" तू म्हणालीस, "तुम्ही सांगितलं ते." आणि रडायला लागलीस. तू माझे गुण घालवलेस असं तुला वाटत होतं. मी तेव्हा तुझी पाठ थोपटली, बाकी मला बोलता आलं नाही. जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते.

मी पदवीला असतानाची गोष्ट तुला अर्धीच सांगितली होती. तेव्हा मला दोन लेखनिक मिळाले. एकाला कंटाळा येई, तो माझ्या चार वाक्यांचं एक करी आणि वाचून दाखवायला सांगितलं की 'वेळ कुठंय' म्हणे. दुसरा मनाने फार चांगला. त्याला माझी दया यायची. मी अडखळले की तो स्वतःच भर घालायचा, आणि चांगली घालायचा. त्या वर्षी मला कधी नव्हे एवढे गुण पडले. वडिलांनी गावात पेढे वाटले. साक्री तालुक्यातलं आमचं गाव, आंधळ्या पोरीने पहिला वर्ग काढला म्हणून लोक घरी येऊन गेले. मी पेढा तोंडात घातला आणि तो मला गिळवेना. त्या गुणांतले माझे किती आणि त्याचे किती, हे मला आजही माहीत नाही आणि कधीच कळणार नाही. त्या भल्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही. पण त्याने माझ्याकडून काय नेलं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझ्या हातच्या त्या पेपरात मला कमी गुण पडले. ते सगळे माझे आहेत. गुणपत्रिका आल्यावर मी मैत्रिणीकडून तो आकडा दोनदा वाचून घेतला.

आता 'ळ'चं. आमच्याकडे अहिराणीत ळ नाही, त्याचा य होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. पुण्यात आल्यापासून मी जीभ वळवून ळ म्हणायला शिकले, पण घाबरले किंवा भान हरपून बोलायला लागले की य परत येतो. वर्गात सेमिनारला मी 'शेतकरी चयवय' म्हणाले तेव्हा मागच्या बाकांवरून हसू आलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी तोंड उघडण्याआधी वाक्यातले ळ शोधायचे आणि दुसरे शब्द घालायचे. चळवळ म्हणायचं टाळून आंदोलन, वेळ टाळून टाइम. अशी वाक्यं करत परीक्षा देता येत नाही. तुझ्याबरोबरच्या पहिल्याच पेपरात मी 'चयवय' म्हणाले. तू अगदी हळू विचारलंस, "चळवळ ना, ताई?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्या पेपरात तो शब्द वीसेक वेळा आला असेल. तू पुन्हा विचारलं नाहीस आणि प्रत्येक वेळी ळ लिहिलास.

माझी चूक तू माझ्यापाशी राहू दिलीस. माझी बोली मात्र तू चुकीत धरली नाहीस. एकोणीस वर्षांची, पुण्यात जन्मलेली, विज्ञान शाखेची मुलगी, तुला हा फरक कुणी शिकवला असेल? विविधता या विषयावर आपल्या आवारात भाषणं होतात, वेगवेगळ्या राज्यांचे पोशाख घालून फोटो निघतात. तेही व्हावं, मला त्याचा आनंदच आहे. पण बोली घेऊन आलेल्या पोरीला तिची बोली न टाकता शिकता येणं, हे मला त्या खोलीत तुझ्या ळ मधून मिळालं.

नियमाप्रमाणे लेखनिक परीक्षार्थीपेक्षा शिक्षणात खालच्या पायरीवरचा असावा लागतो. म्हणून एम.ए.ला बसलेल्या माझ्यासारखीला पदवीचा विद्यार्थी शोधावा लागतो, आणि परीक्षेच्या दिवसांत त्याच्याही परीक्षा असतात. तासाला निदान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. चार तास एक हात सलग चालतो. तुझ्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडला होता, तू माझा हात धरून त्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "बघा, तुमचा फुले इथे आहे." तो घट्टा मी विसरणार नाही.

पण परीक्षा वर्षातून दोनदा, वाचन रोज. बाहेरच्यांना वाटतं की आता संगणक बोलतो, मग अडचण काय? एनव्हीडीए हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मराठी वाचतं, मी हे पत्र त्याच्याच आधाराने लिहितेय. पण मराठीतली जुनी पुस्तकं आंतरजालावर असतात ती पानांचे नुसते फोटो, त्यात संगणकाला अक्षर सापडत नाही. प्राध्यापकांच्या जुन्या नोट्स युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्या उघडल्या की संगणक निरर्थक रोमन अक्षरं बडबडत सुटतो. तिथे माणूसच लागतो, आणि रोज लागतो.

एकटीने पुरणार नाही हे तुझ्या लक्षात आलं तेव्हा तू कँटीनच्या भिंतीवर कागद लावलास. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: 'वाचून दाखवायला माणसं हवीत. मराठी वाचणारे चालतील, इंग्रजी वाचणारे चालतील, हळू वाचणारे जास्त चालतील.' पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. मग मणिपूरची एक मुलगी आली. तिला देवनागरी अवघड जाई, ती इंग्रजी लेख वाचायची. तिच्याबरोबर तिच्या वसतिगृहातल्या दोघी आल्या. एक अफगाण विद्यार्थी आला, त्याची भाषा दरी. त्याच्याइतकं सावकाश आणि स्वच्छ इंग्रजी मी कुणाकडून ऐकलं नाही. नांदेडचा एक जण आला, तो मराठी वाचताना मध्येच थांबून 'हे खरंच असं झालं का?' विचारायचा. कट्ट्यावर झाडाखाली आपण सगळे बसायचो, मोबाइलवर वाचन मुद्रित व्हायचं. अजूनही त्या ध्वनिफिती ऐकताना मागे कोकीळ ओरडते आणि कुणीतरी चहाचे कप मोजतं.

एकदा त्या अफगाण मुलाला 'बलुतेदार' शब्द अडला. मी समजावायला लागले. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, धान्याच्या राशीतला वाटा, आणि त्या व्यवस्थेत महार-मांगांच्या वाट्याला काय आलं ते. तास कधी गेला कळलं नाही. त्या दिवशी वाचन दोनच पानं झालं. मी खजील होऊन तुला म्हटलं, त्याचा वेळ गेला. तू म्हणालीस, "ताई, आज तुम्ही त्याला वाचून दाखवलंत." आतापर्यंत मी कायम घेणारी होते. आभार मानून मानून माझी जीभ झिजली होती. त्या संध्याकाळी मी खोलीवर गेले ती काहीतरी देऊन.

पुढे तू मला काम लावलंस. 'नवे लेखनिक तयार करायचे, शिकवणार कोण? तुम्हीच.' मग दर सत्राच्या आधी एक दुपार आपली. प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचायची, प्रत्येक प्रश्नापुढचे गुण आणि 'किंवा' सकट. सांगणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत पेन उचलायचं नाही. नवा परिच्छेद कुठे ते विचारायचं. उत्तर संपलं की सगळं वाचून दाखवायचं, आवाज न बदलता. न दिसणाऱ्या माणसाचा हात ओढायचा नाही, आपलं कोपर पुढे करायचं, तो धरेल. आणि मनातलं उत्तर मनात ठेवायचं. हे शेवटचं सांगताना मी दरवेळी पेढ्यांची गोष्ट सांगते. ती ऐकून पोरं गप्प होतात. त्यातला एक जण नंतर येऊन म्हणाला, मी मागच्या वर्षी असंच केलं होतं, मला वाटलं मी मदत करतोय. मी त्याला म्हटलं, या वर्षी पुन्हा ये.

एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, शिवाय सात दिवसांचं शिबिर. तुझे तास जानेवारीतच भरले होते. हे मला तुझ्या कार्यक्रम अधिकारी मॅडमकडून कळलं, तू कधी बोलली नाहीस. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तू येत राहिलीस. डायरीत त्याची नोंद नाही, प्रमाणपत्रावर तर नाहीच. म्हणून ती इथे करते: जानेवारीनंतर सत्तावीस वेळा. माझ्याकडे ध्वनिफितींच्या तारखा आहेत, मी मोजल्या.

विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्या कामाशी आपली तुलना करायची नाही हे मला कळतं. पण त्या दारातून आत येताना मला वाटतं, ज्या बाईने शाळेत कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही ही रेघ पुसायला सुरुवात केली, तिच्या नावाच्या आवारात माझ्या शेजारी बसून तू लिहीत होतीस, ते बरोबर जागी होतं.

आता तू नोकरीसाठी बेंगळुरूला गेलीस. मी नेटच्या, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेच्या, तयारीला लागलेय. कट्टा चालू आहे. मणिपूरची मुलगी आता देवनागरी वाचते, थांबत थांबत, आणि तिचा 'ण' फार सुंदर आहे. गेल्या महिन्यात एका धुळ्याच्या मुलाच्या पेपरला आपली नवी मुलगी लेखनिक म्हणून बसली. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "ताई, तिने मला हळूच विचारलं, शाळा ना?"

हे पत्र मी स्वतः टाइप केलंय. ल ची कळ दाबताना शिफ्ट धरला की ळ उमटतो आणि संगणक तो मोठ्याने म्हणून दाखवतो, एकेक ऐकून घेतला. तुझ्या आडनावातही ळ आहे. मी हाक मारते तेव्हा अजून य च निघतो, आणि फोनवर तू तशीच पटकन ओ देतेस.

दिवाळीला पुण्यात आलीस की कट्ट्यावर ये. माय तुझ्यासाठी खापरावरचे मांडे पाठवणार आहे.

तुझी,
ताई