आई, तूप परत सुरू कर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस. रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारा माणूस, बीपी नाही, इसीजी स्वच्छ, मग हा मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी झिजण्याचा, आजार यांनाच का? फोनवर मला उत्तर जमलं नाही, म्हणून लिहितेय.

ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांच्या जुन्या नोंदी ताडून 2012 साली एक लेख लिहिला. हृदय तंदुरुस्त असण्याचा या आजाराशी काही संबंध असावा, असे अप्रत्यक्ष पुरावे त्यात मांडले होते. सडपातळ माणसांत तो जास्त आढळतो, हे इतर अभ्यासांतही आलंय. म्हणून चालण्याने तो जडला असं नव्हे. बाबा, गड चढल्याची रुखरुख अजिबात लावून घेऊ नका. आणि आई, तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही.

बाबांचं हृदय आजही चांगलंच आहे. त्याचा ठोका त्याचा स्वतःचा असतो. हातापायांना हुकूम देणाऱ्या पेशी झिजल्या तरी ते चालत राहतं. श्वासाच्या पडद्याचं तसं नाही, त्याला त्याच पेशी लागतात. म्हणून फुंकर मारायची ती तपासणी चुकवायची नाही, दम लागत नसला तरी.

आता खरं बोलायचं ते. दिवाळीत बाबांच्या घड्याळाच्या पट्ट्याला सुरीने पाडलेलं नवं भोक दिसलं. तरी घड्याळ मनगटावर फिरत होतं. आणि ताटात तीच कोरडी पोळी, अकरा वर्षांपूर्वीच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टपासूनची. आई, तू ते पथ्य जिवापाड सांभाळलंस. पण या आजारात वजन उतरणं फार वाईट. डॉक्टरांनीही वजन टिकवा म्हणूनच सांगितलंय. तेव्हा मऊ भातावर तूप घाल, दुधावरची साय काढू नकोस, शिरा कर. घास लहान, हनुवटी जरा खाली, घाई नाही. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांना मी विचारते. या आजारावरची गोळी, रिल्युझोल, जेवणाआधी तासभर, दोन्ही वेळा.

बाबा, तूप बघून ताट सरकवू नका. माझ्यासाठी खा.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय. माळ्यावरचा वजनकाटा काढून ठेवा.

तुमची,
ताई