अण्णांच्या पेटीसाठी

पुणे,
ऑगस्टचा दुसरा आठवडा

प्रिय सुध्या,

अण्णांची पेटी माळ्यावरून खाली आली. वाडा बिल्डरकडे गेल्याचं तुला ठाऊक आहेच, परवा माळा रिकामा केला. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू? घरात ती सगळ्यांना अडगळ वाटते. आईचा गुडघा तसाच, माझी साखर आटोक्यात.

झाकणावरचं ‘नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज’ हे लेबल शाबूत आहे. वाटेत लागणार नाही असं सामान बोटीच्या पोटात टाकायला ते चिकटवत. आणि तू भर पंगतीत अण्णांना विचारलंस, बोटीवर तुम्ही कुणालाच नको होतात का? काकूंचा चेहरा अजून दिसतो मला!

आता मुद्दा. विनय म्हणतो, झाकण कापून काच बसवू, छान टीपॉय होईल. बघायला आलेल्या एका व्यापाऱ्याने तर ‘लुई व्हितॉ’ या फ्रेंच पेटीवाल्यांचं नाव काढलं. अरे, त्यांची गाजलेली पेटी म्हणजे हलक्या पॉपलरच्या सांगाड्यावर कॅनव्हास. १८५८ मध्ये त्यांनी राखाडी कॅनव्हासची, सपाट झाकणाची पेटी काढली, अक्षरांची नक्षी आली १८९६ मध्ये. सपाट झाकणाआधी झाकणं फुगीर असत, घोडागाडीच्या टपावर पाऊस ओघळून जावा म्हणून. आगगाडीत, बोटीत सामान एकावर एक रचायचं तर सपाटच हवं. आपली पेटी सबंध कातड्याची. रिकामी असली तरी उचलायला दोन माणसं लागतात.

आणि तिची शिवण, सुध्या! कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला मुद्दाम घरी आणलं, जन्मभर खोगिरं शिवलेला माणूस. कोपऱ्यावरून अंगठा फिरवत ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग विनयला जवळ बसवून दाखवलं. आरीने आधी भोक पाडायचं, मेण चोळलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर काढायच्या. एक टाका तुटला तरी पुढचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले, एक तुटला की उसवत जाते. कोपऱ्यांवर कातड्याचे दोन-दोन थर आहेत, त्यातून ही शिवण काढायला मनगटात काय जोर लागत असेल! हे झाकण कापायचं?

खरी काळजी वेगळीच आहे. पट्ट्यांना हात लावला की बोटांना विटकरी भुकटी लागते. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं हवेतल्या आम्लाने असं आतून कुजतं आणि कुजलेलं परत येत नाही. विनय जवसाचं तेल घेऊन बसला होता, मी बाटली काढून घेतली. तेलाने रंग गडद होतो, पण सुटलेले तंतू काही जुळत नाहीत. पाणी लागलं तर कातडं काळं पडून कडक होतं. हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज नावाची पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून हलक्या ब्रशने लावतात, तिने निदान भुकटी धरून राहते. ती मी मागवली आहे. पण या पावसाळ्यात, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, ओल्या कपड्यांच्या दोरीखाली पेटी ठेवली तर वर बुरशी धरेल.

तू जन्मभर पत्र्याच्या ट्रंकेची बाजू घेऊन भांडलास. होस्टेलात तुझीच ट्रंक गंजली होती, माझे दोन शर्ट त्या गंजाने गेले, ते मी विसरलेलो नाही. तरीही विचारतो. सासवडच्या घराची वरची खोली कोरडी आहे, भिंतीला ओल नाही. तिथे खाली दोन फळ्या टाकून, उन्हापासून लांब, वर सुती चादर घालून ठेवशील? प्लॅस्टिक अजिबात नको, आत दमट होतं. विनयला मी सांगून टाकलंय की पेटी सुध्याची आहे. तुझं नाव घेतलं की तो वाद घालत नाही.

मुक्ताच्या प्रवेशाचं काय झालं? आणि तुझी बदली? वहिनींना नमस्कार सांग.

शनिवारी टेम्पो मिळतोय. शुक्रवारपर्यंत फोन कर, म्हणजे हमालांना सांगून ठेवतो.

तुझा,
बंड्या