शाळांतील संगणकांवर जादा सॉफ्टवेअर बसवताना

महोदय,

डिचोलीतील ज्या शाळेत मी संगणक शिकवते, तेथील प्रयोगशाळेत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेले बारा संगणक आहेत. पावसाळ्यात एका सकाळी त्यांतील नऊ संगणकांवर चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर उघडेना. टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, चालवून पाहिले, तर हव्या त्या आवृत्तीची लायब्ररी (सॉफ्टवेअरला चालताना लागणारी तयार कोडची फाइल) सापडत नसल्याचा संदेश आला. देखभालीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने ते सॉफ्टवेअर सरळ '/यूएसआर' या सिस्टिमच्या फोल्डरात पसरले होते आणि त्यासोबत आलेल्या लायब्ररी सिस्टिमच्या मूळ लायब्ररींवर लिहिल्या गेल्या होत्या. आदल्या दिवशी अपडेट आले, पॅकेज मॅनेजरने, म्हणजे सिस्टिमचे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमने, आपल्या फायली पुन्हा जागेवर ठेवल्या आणि ते सॉफ्टवेअर निकामी झाले. ते काढून टाकावे म्हटले, तर त्याच्या फायली कोणत्या याची कुठेच नोंद नव्हती. आठवीच्या मुलांना दोन दिवस फळ्यावर खडूने मेनू काढून दाखवावा लागला, याचे मला अजून वाईट वाटते.

हा घोटाळा टाळण्याचा मार्ग जुना आहे. लिनक्सच्या फाइलरचनेचे प्रमाण 1994पासून लिखित आहे आणि त्याची 3.0 ही आवृत्ती 2015 साली आली. त्यानुसार '/यूएसआर' ही वितरणाची (लिनक्सच्या तयार संचाची), म्हणजे पॅकेज मॅनेजरची, जागा; आपण स्वतः मूळ कोडपासून कंपाइल करून बसवतो ते '/यूएसआर/लोकल'मध्ये; आणि स्वतःच्या लायब्ररींसह तयार गठ्ठ्याच्या रूपात येणारे सॉफ्टवेअर '/ऑप्ट'मध्ये, स्वतःच्या नावाच्या फोल्डरात. डेबियन या लिनक्स वितरणाचे धोरण तर वितरणाच्या पॅकेजांना '/यूएसआर/लोकल'मध्ये फायली ठेवू देत नाही, म्हणून अपडेट कितीही आली तरी तिथले आपले काम शाबूत राहते. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जादा सॉफ्टवेअर '/यूएसआर/लोकल'मध्येच जाते.

चित्रे, भूमिती, ध्वनिसंपादन अशा खिडकीत उघडणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी माझी पसंती '/ऑप्ट'ला आहे, कारण त्यांच्यासोबत लायब्ररी, आयकॉन, फाँट असा मोठा पसारा येतो आणि तो एका फोल्डरात राहिला तर तेवढे फोल्डर पुसले की काम संपते. मात्र '/ऑप्ट'मधले सॉफ्टवेअर मेनूत आपोआप दिसत नाही आणि मला वाटते, तंत्रज्ञ '/यूएसआर'कडे वळतात ते याच कारणाने. त्यासाठी '/यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स'मध्ये 'डॉट डेस्कटॉप' प्रकारची छोटी फाइल ठेवून तिच्यात नाव, आयकॉन आणि चालवायच्या फाइलचा पूर्ण मार्ग लिहिला की पुरते. आम्ही नऊही संगणकांवर सिस्टिम नव्याने घालून असेच केले. त्यानंतर दोनदा अपडेट आले आणि सॉफ्टवेअर सुरळीत चालू आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याच्या होम फोल्डरात प्रत ठेवावी, असेही कुणी सुचवतात. एकट्याने चाचणी घ्यायची असेल तर ते ठीक. पण एका संगणकावर चाळीस मुलांची खाती असतील आणि सॉफ्टवेअर 600 एमबीचे असेल, तर 24 जीबी जागा त्यातच जाते.

गोव्यातील शाळांनी देखभालीचा करार करताना '/यूएसआर'मध्ये हाताने काहीही बसवू नये आणि बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची जागा, आवृत्ती व तारीख प्रयोगशाळेच्या वहीत नोंदवावी, अशा दोन अटी त्यात लिहून घ्याव्यात, अशी माझी मुख्याध्यापकांना आणि शिक्षण खात्याला कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक संगणक शिक्षिका, डिचोली