मावशी, तारडगावच्या घराचं कुलूप तुम्ही उघडलंत

मावशी, नमस्कार.

तुम्हाला हरिपाठ सगळा तोंडपाठ आहे पण अक्षरओळख नाही असं तुम्हीच मला सांगितलं होतंत, म्हणून हे पत्र तुमच्या नातीला मोबाईलवरून वाचून दाखवायला सांगणारे. आणि असं सगळ्यांसमोर लिहितेय कारण समोर बसून तुमचे आभार मानायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तुम्ही "मी काय परक्याचं केलंय का माय" म्हणून उठून गेलात. आता नात शेवटपर्यंत वाचेल, तेवढं बसून ऐका.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. माझं माहेर परभणीकडचं. आई माळकरी, ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर रथामागच्या एका दिंडीत, म्हणजे तुमच्याच दिंडीत, चालायची, १९९६ पासून. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आणि माझं सासर तारडगाव, म्हणजे लोणंद आणि फलटणच्या मधला मुक्काम. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायचे, दरवर्षी एका दिंडीला रात्रीचं जेवण घालायच्या आणि ती दिंडी आईची होती. त्या अंगणात जेवता जेवता या दोघींची ओळख झाली, मग दरवर्षी एक रात्र गप्पा, आणि २००३ ला माझं लग्न ठरलं ते तिथेच, ओट्यावर, पत्रिका वगैरे काही न बघता. लग्नानंतर पण वारीच्या दिवसात त्या दोघी विहिणी नसायच्या. आई दारात आली की आत्या वाकून तिच्या पायाला हात लावायच्या आणि आई त्यांच्या. मुलीची आई आणि मुलाची आई असलं काही त्या दिवशी चालत नव्हतं, दोघी एकमेकींना माऊलीच म्हणायच्या.

पण दोघींची भक्ती अगदी वेगवेगळी होती हो. आईच्या गळ्यात माळ, एकादशी कधी चुकली नाही, लसूण कांद्यापासून सगळं पाळायची. आत्यांनी माळ कधीच घातली नाही. गावच्या जत्रेला घरात मटण शिजायचं, पाहुणे यायचे, त्या म्हणायच्या "माळ घातली की पाळावं लागतं, आणि मला ह्या घरात पाळता येणार न्हाई, मग देवाला खोटं कशाला बोलायचं". पण पालखी लोणंदला यायच्या आठ दिवस आधीपासून त्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. चूल सारवून घ्यायच्या, परात, कढई, तवे सगळं राखेनं घासून उन्हात पालथं घालायच्या आणि मगच पीठ दळायला पाठवायच्या. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला शंका होती की माळ नसलेल्या घरी जेवावं की नाही. तिनं ती चूल बघितली आणि काही न विचारता पानावर बसली, हे आत्याच मला सांगायच्या आणि सांगताना दरवेळी डोळे पुसायच्या.

इतक्या वर्षात आत्या आषाढीला पंढरपूरला एकदाही गेल्या नाहीत. कोणी विचारलं की म्हणायच्या, "माऊली माझ्या दारात येत्यात, मी कुठं जाऊ?" आणि आईचं म्हणणं, वारीत मागायचं नसतं, नुसतं जायचं असतं. एक दारात थांबणारी आणि एक चालणारी. मी दोन्हीतलं काहीच शिकले नाही, मी पुण्यात नोकरी, मुलं, शाळा यात होते आणि वारीच्या दिवशी सुट्टी काढून तारडगावला वाढायला जायचे एवढंच.

२०२० ला कोरोनामुळे वारी पायी निघालीच नाही. पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या, टीव्हीवर दाखवत होते. आत्यांनी त्या दिवशी पण चूल सारवली. दहा-बारा भाकरी केल्या आणि नाक्यावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोरांना नेऊन दिल्या. रात्री परभणीहून आईचा फोन आला, मी फोन स्पीकरवर ठेवला आणि दोघींनी फोनवर हरिपाठ म्हटला, आत्यांना येत नव्हता तो, आई एक ओळ म्हणायची आणि त्या मागून म्हणायच्या. नेटवर्क जायचं, परत यायचं, त्या तिथूनच पुढे धरायच्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये आत्या गेल्या. आम्हाला नीट निरोपही देता आला नाही, त्या लाटेत ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना सांगायची गरज नाही.

आणि आता ते, जे मला फेब्रुवारीपर्यंत माहीतच नव्हतं.

२०२२ ला दोन वर्षांनी वारी परत सुरू झाली. मला त्या घरात जायची हिंमतच झाली नाही. आत्यांशिवाय ती चूल, ते अंगण, नको वाटलं. नवरा म्हणाला जाऊया, मीच नाही म्हटलं. पालखी हडपसरवरून गेली तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी राहून हात जोडले आणि घरी आले. दिंडीच्या जेवणाची सोय गावात दुसऱ्या कोणीतरी केली एवढं कळलं. आई त्या वर्षी चालत होती, तिची ती शेवटची वारी ठरली, नंतर गुडघे गेले आणि मग आजारपण. मी तिला फोनवर विचारलं होतं, तारडगावला नीट जेवलीस ना? ती म्हणाली हो, पोटभर.

आई २०२५ च्या फेब्रुवारीत गेली. शेवटचे अकरा दिवस तुम्ही आमच्याकडे होतात मावशी. एसटीनं एकट्या आलात, हातात पिशवी एक, त्यात दोन लुगडी आणि बुक्क्याची डबी. मी तुम्हाला बोलावलंही नव्हतं, वारीतल्याच कोणीतरी तुम्हाला कळवलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितल्यावर मी नुसती घाबरून गेले होते, औषधाच्या वेळा, डायपर, रात्रीचं कण्हणं, मला सुचत नव्हतं. तुम्ही आल्या आल्या आईचे पाय कोमट पाण्यानं पुसले, टाचांच्या भेगांत खोबरेल भरलं आणि म्हणालात, "ह्या पायांनी लई चाललंय, यांना अगोदर बघायचं". आईनं त्या दिवशी तीन दिवसांनी डोळे उघडले. रोज संध्याकाळी तुम्ही हरिपाठ म्हणायचात, आईचे ओठ हलायचे, शेवटी शेवटी ते पण नाही, फक्त चादरीवर बोट टाळाच्या ठेक्यावर हलायचं. ते बोट मी अजून विसरले नाही, मला तुमच्यामुळेच ते दिसलं, मी तर त्या वेळी सलाईनच्या बाटलीकडे बघत बसलेले असायचे.

तेराव्यानंतर निघताना तुम्ही मला सांगितलंत. २०२२ ला आई तारडगावच्या घरी गेली होती. दिंडी दुसरीकडे जेवायला बसली तेव्हा ती एकटीच उठून गेली, तुम्ही तिच्या मागे गेलात. दाराला कुलूप. आई ओट्यावर बसली, वृंदावनातली तुळस वाळून काड्या झाल्या होत्या, शेजारून तांब्याभर पाणी आणून तिनं त्या काड्यांना घातलं, हरिपाठ म्हटला आणि न जेवता पुढे निघाली. आणि तुम्हाला म्हणाली, "पोरीला सांगू नको, तिचं दुखणं अजून ओलं हाय". तुम्ही तीन वर्षं शब्द पाळलात. तेव्हा सुद्धा मला दोष दिला नाहीत मावशी. तुम्ही आईचे टाळ माझ्या हातात दिलेत, त्याच्या दोरीला आईनं तिच्या हिरव्या लुगड्याच्या काठाची पट्टी गुंडाळलेली, धरून धरून काळी पडलेली. आणि एवढंच विचारलंत, "औंदा चूल पेटायची का न्हाई माय?"

मी हो म्हटलं पण मला काय येत होतं! जूनमध्ये मी फोन केला आणि खरं सांगितलं, सव्वाशे माणसांचं मला जमणार नाही, केटरर सांगते. तुम्ही म्हणालात सांग की, पण भाकरी घरच्या पाहिजेत. आणि पालखी लोणंदला असताना तुम्ही दिंडीतल्या दोघींना घेऊन दुधाच्या टेम्पोतून संध्याकाळी दारात हजर. चहा पण घेतला नाहीत, पहिला प्रश्न, "पीठ किती हाय?" पंचवीस किलो होतं. तुम्ही हिशोब केलात, किलोच्या दहा, म्हणजे अडीचशे, पुरतंय. मग आजूबाजूच्या सहा घरी पीठ वाटून आलात, आत्या असंच करायच्या हे तुम्हाला लक्षात होतं, कोणत्या घरची भाकरी पातळ होते आणि कोणाची जाड हे सुद्धा. त्या सगळ्या बायकांनी एका शब्दात हो म्हटलं. एक काकू म्हणाल्या, आम्ही तीन वर्षं वाटच बघतोय कोणी पीठ घेऊन येतंय का. केटररला मी त्याच रात्री फोन करून नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मला लोणंद-तारडगावच्या वाटेवर, चांदोबाच्या लिंबापाशी नेलंत, माझ्या हातात आईचे टाळ. इतकी वर्षं सासर तिथे असून मी उभं रिंगण कधी बघितलं नव्हतं, कारण त्या वेळी आम्ही बायका घरी भाकऱ्या थापत असायचो. दोन्ही बाजूंनी दिंड्या उभ्या, मधून आधी स्वाराचा घोडा आणि मग तो रिकाम्या पाठीचा, माऊलींचा. डोळ्याचं पातं लवेपर्यंत गेले सुद्धा. लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले आणि तुम्ही मूठभर माती पदराच्या टोकाला बांधलीत. मला वाटलं परभणीला न्यायला. घरी आल्यावर तुम्ही ती वृंदावनात टाकलीत, त्या वाळलेल्या काड्या उपटून, आणि वर पिशवीतून आणलेलं तुळशीचं रोप लावलंत.

पिठल्याच्या पहिल्या कढईत माझ्या गुठळ्या झाल्या आणि मला रडू फुटलं, पिठल्याचं नव्हतंच ते. तुम्ही काही न बोलता रवी आणलीत आणि घुसळत बसलात. तेवढ्यात पालखीच्या तळावरचा टाळांचा आवाज एकदम थांबला. आत्या नेहमी सांगायच्या, आवाज थांबला की समजायचं चोपदारानं चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला, आता हरवलं-सापडलं सांगतील, उद्याची निघायची वेळ सांगतील, आरती होईल आणि मग माणसं जेवायला येतील, भाकरी झाकून ठेवा. ही त्यांची घड्याळाची पद्धत होती. मी उठले आणि भाकऱ्यांवर ओलं फडकं टाकलं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तुझ्या सासूनं पण अस्संच टाकलं असतं".

त्या रात्री अंगणात सव्वाशे माणसं जेवली. विणेकरी बाबांच्या पायावर मी पाणी घातलं. आईच्या जागी, ओट्याच्या डाव्या कडेला, तुम्ही कोणाला बसू दिलं नाहीत, तिथे एक पान वाढून ठेवलंत, आणि चुलीपाशी आत्यांच्या पाटावर दुसरं. पहाटे तुम्ही फलटणकडे निघालात, आईचे टाळ मी तुमच्याकडे दिले, ६ जुलैला आषाढीला तुम्ही ते चंद्रभागेत धुऊन कळसाला दाखवलेत असं फोनवर सांगितलंत. मी पुण्यात ऑफिसमध्ये होते, फोन घेऊन जिन्यात गेले आणि तिथेच बसले.

मावशी, आईसाठी आणि आत्यांसाठी मी रडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. दोघींचं जे होतं ते तुम्ही सांभाळून ठेवलंत, आणि माझी वेळ आल्यावर माझ्या हातात दिलंत. खूप खूप आभार. उठून जाऊ नका, संपलंच आहे.

तुळस चांगली वाढलीये, मंजिऱ्या आल्यात. टाळ तुमच्याकडेच राहू दे, त्याची दोरी विरलीये तर बदला पण पट्टी तीच गुंडाळा. आणि घराची एक किल्ली आता कायमची शेजारच्या काकूंकडे ठेवलीये. पुढच्या वर्षी लोणंदहून तुम्ही आधी पोचलात आणि आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असलो, तर थांबू नका, उघडा आणि चूल सारवायला घ्या.

तुमची,
तारडगावची सून