आधी माती, मग रोप

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे थंडी अजून सरली नसताना दोन दिवस सलग ऊन पडलं म्हणून टोमॅटोची रोपं बाहेर लावू का, असं विचारलंस. नको. हवा पटकन तापते आणि रात्री तितक्याच पटकन निवते. माती मात्र तापायला आठवडे घेते, आणि मुळांना राहायचं आहे मातीत. म्हणून हवामानाचा अंदाज रोज पाहण्यापेक्षा एक कांडीवाला तापमापक घे आणि वाफ्यात दहा सेंटीमीटर खोल खोच. सकाळी, रोज एकाच वेळी, चार-पाच दिवस आकडा लिहून ठेव. दुपारचा आकडा पाहून खूश होऊ नकोस, वरची माती उन्हाने तात्पुरती फुगवून सांगते.

वाटाणा आणि पालक पाच अंशांनाही उगवतात, पण उगवतात म्हणजे काय ते बघ. पाच अंशांच्या मातीत वाटाण्याला वर यायला साधारण पाच आठवडे लागतात, दहा अंशांना दोन आठवडे, पंधराला नऊ-दहा दिवस. म्हणजे घाईने तीन आठवडे आधी पेरलेलं बी नंतर पेरलेल्याच्या जेमतेम पुढे राहतं, आणि तोवर ओल्या गारठ्यात कुजण्याचा धोका ते एकटं सोसतं. गाजराचंही तसंच, फक्त ते आणखी रेंगाळतं. घेवड्याला पंधरा-सोळा अंश तरी हवेत, काकडीला त्याहून थोडं जास्त. टोमॅटोच्या रोपाला माती पंधराची आणि रात्रीची हवा दहाच्या वर हवी. त्याखाली ते मरेलच असं नाही, पण खिळून बसतं. पानांची खालची बाजू जांभळी पडते, कारण थंड मातीतून मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. अशा वेळी खत घालणं फुकट. ऊब आली की रंग आपोआप जातो.

तापमानाइतकाच वाफसा, म्हणजे मातीतली ओल कामाजोगी होणं, महत्त्वाचा. तुझी माती चिकण आहे, म्हणून हे जास्त जपायला हवं. दहा सेंटीमीटर खालची मूठभर माती घे, घट्ट दाब आणि गोळ्याला अंगठ्याने टोच. गोळा फुटून भुसभुशीत पडला तर वाफसा आला. नुसता खड्डा पडला आणि पृष्ठभाग चकाकला तर कुदळ ठेवून दे. ओल्या चिकणमातीत एकदा पाय पडला की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या दबतात आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळं होतात. ती पुढचा सगळा हंगाम फुटत नाहीत. वाफ्यात जावंच लागलं तर फळी टाकून जा, म्हणजे वजन पसरतं. माती लवकर तापायला हवी असेल तर जाड आच्छादन बाजूला सार आणि दोन आठवडे पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीत दाब. त्याखाली तणही उगवतं. लावणीच्या आधी ते खुरपून टाकलंस की तेवढं काम कमी. गादीवाफा, म्हणजे उंच केलेला वाफा, जमिनीपेक्षा आधी तापतो, कारण त्यातलं पाणी लवकर निचरतं आणि पाण्याइतकं माती गार ठेवणारं दुसरं काही नाही.

आता घरातलं काम. शेवटचं दव कधी गोठतं याची तुमच्या भागाची तारीख काढ, पण ती सरासरी असते हे ध्यानात ठेव. साधारण निम्म्या वर्षांत त्या तारखेनंतरही एखादी रात्र गोठवते. नाजूक रोपांसाठी पुढे दोन आठवडे धर आणि तिथून उलटं मोज. मिरची आणि वांगं लावणीच्या आठ ते दहा आठवडे आधी पेरायचं, टोमॅटो सहा ते आठ, बियांपासून कांदा दहा ते बारा. काकडी-दोडक्याला तीन-चार आठवडे पुरतात. त्यांची मुळं डिवचलेली त्यांना सोसत नाहीत, म्हणून ती थेट स्वतंत्र कुंडीत पेर. टोमॅटो फार आधी पेरलास तर लावणीच्या वेळी कुंडीत मुळांचा गुंता झालेली, फुलावर आलेली उंच काठी हाती येते. तिच्यापेक्षा सहा आठवड्यांचं ठेंगणं, जाड खोडाचं रोप केव्हाही बरं. मिरचीला मात्र खरंच वेळ लागतो, तिची घाई मला मान्य आहे.

पेरणीआधी जुन्या पाकिटांचं बी तपास. दहा बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेव, उबदार जागी आठ-दहा दिवस. सात उगवल्या तर थोडं दाट पेर, चारच उगवल्या तर नवं बी आण. कांद्याचं बी वर्षभरातच दम सोडतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं टिकतं.

सगळ्यात जास्त रोपं लांबुळकी होऊन बिघडतात, आणि त्याचं कारण प्रकाश कमी आणि ऊब जास्त. उगवेपर्यंत तळाशी चोवीस-पंचवीस अंश ऊब चांगली. पहिली मान वर दिसली की ऊब काढ आणि अठरा-एकोणीस अंशांच्या खोलीत ठेव, रात्री अजून थोडं गार चालेल. खिडकीचा प्रकाश हिवाळ्यात पुरत नाही. ट्यूबलाइट वापरत असशील तर ती रोपांच्या शेंड्यापासून पाच ते दहा सेंटीमीटरवर लाव. एलईडी तीव्र असेल तर अंतर वाढव, नाहीतर पानं पांढुरकी पडतात. रोज चौदा ते सोळा तास दिवा, बाकी अंधार. त्यासाठी टायमर लाव, आठवणीवर भरवसा ठेवू नकोस.

दुसरं संकट रोपं कोलमडण्याचं. काल ताठ असलेलं रोप आज मातीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं दिसतं. ते बुरशीचं काम, आणि पडलेलं रोप परत उठत नाही. उपाय आधीच करायचा. ट्रे एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणाने धुऊन नीट खंगाळून घे. बागेतली माती न घालता ताजं, निर्जंतुक मिश्रण वापर. पाणी खालच्या थाळीतून दे, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाक. वरची माती थोडी सुकू दे आणि छोटा पंखा हळू फिरता ठेव. पंख्याच्या वाऱ्याने खोडंही जाड होतात. झाकण घातलं असशील तर उगवल्याबरोबर काढ. खरी पानं, म्हणजे उगवतानाच्या पहिल्या जोडीनंतरची, आल्यावर खत सुरू कर, पाकिटावरच्या मात्रेच्या पाव ते अर्धं. रोप उपटून दुसरीकडे लावताना पानाला धर, खोडाला नाही. पान तुटलं तर नवं येतं, खोड दबलं तर रोप गेलं.

झाडांच्या छाटणीचं एवढंच सांगते. सफरचंद आणि नासपती फांद्यांवरचे डोळे (अंकुर) फुगायच्या आत छाट. चेरी आणि आलुबुखारा यांना आता हात लावू नकोस, ओल्या थंडीत त्यांच्या जखमांमधून रोग शिरतो. ते कोरड्या उन्हाळ्यात कर. लायलॅकच्या फुलझुडपाने कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांवरच धरल्या आहेत. आत्ता छाटलंस तर बहर कापशील, फुलं संपल्यावर छाट. जुने पोकळ देठही दुपार सातत्याने दहा अंशांपर्यंत जाईपर्यंत राहू दे, त्यांत उपयोगी कीटक हिवाळा काढतात. डॅफोडिलचे कोंब बर्फातून डोकावले म्हणून घाबरू नकोस. त्यांना गोठणं सोसतं आणि बर्फाची चादर उलट त्यांना सांभाळते. जमीन गोठून-वितळून स्ट्रॉबेरीची झाडं वर उचलली गेली असतील तर मुळं उघडी पडतात. ती हाताने हळूच खाली दाब आणि भोवती थोडं आच्छादन घाल.

एखादी रात्र गोठवणार असं दिसलं, म्हणजे आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, तर सूर्य मावळायच्या आधी रोपं झाक. त्या रात्री जमिनीलगतची हवा तापमापकाच्या उंचीवरच्या हवेपेक्षा गार असते, म्हणून अंदाजात दोन अंश दिसले तरी निश्चिंत राहू नकोस. कापड जमिनीपर्यंत टेकव आणि कडेला दगड ठेव, कारण झाकण ऊब तयार करत नाही, मातीतून वर येणारी अडवते. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नकोस, टेकलेलं पान गोठतं. सकाळी ऊन चढायच्या आत काढ, नाहीतर आत रोपं शिजतील.

लावणीच्या आधी सात ते दहा दिवस रोपांना बाहेरची सवय लाव. पहिल्या दिवशी दीड-दोन तास सावलीत, वारा न लागेल अशा जागी, मग रोज एक-दोन तास वाढव आणि ऊन हळूहळू दे. घरातल्या पानांची कातडी पातळ असते. एकदम उन्हात ठेवली तर कागदासारखे पांढरे डाग पडतात आणि ते बरे होत नाहीत. पाणी थोडं कमी कर, पण कोमेजू देऊ नकोस. शेवटच्या दोन रात्री बाहेरच राहू दे, पारा दहाच्या खाली जाणार नसेल तरच. लावणी ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी कर. टोमॅटो पहिल्या पानांपर्यंत खोल पुर, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. मिरची कुंडीत होती तेवढ्याच खोलीवर.

तापमापकाचे पाच दिवसांचे आकडे पाठव, मग बघू.

तुझी,
आई